मधुमेहोपचारातील साधने आणि त्यांचे शिक्षक

वैद्यकाच्या इतिहासात औषधाच्या वा उपकरणाच्या शोधाची नोंद होते. ते वापरावयास शिकविणाऱ्यांचा इतिहास मात्र बहुधा अलिखित राहतो. मधुमेहाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण या रोगाचा दैनंदिन उपचार वैद्याच्या हातून नव्हे, तर रुग्णाच्याच हातून होत असतो. म्हणून प्रत्येक नव्या साधनाबरोबर दोन प्रश्न उपस्थित झाले : ते कोणाच्या हाती द्यावयाचे, आणि ते शिकवावयाचे कोणी?

टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्पसन या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. तो प्रयत्न फारसा सफल झाला नाही. २३ जानेवारीस कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिल्यावर मात्र गुण आला. मृत्यू टळला, पण त्याच्या जागी आजन्म चालावयाचा एक नित्यक्रम आला. अन्न मोजावयाचे, मूत्र तपासावयाचे आणि सुई टोचावयाची. मात्रा अधिक झाली तर रक्तशर्करा घसरून शुद्ध हरपावी, उणी पडली तर रोगाचीच मूर्च्छा यावी, अशी ही दुधारी अवस्था होती.

या नित्यक्रमाचे शिक्षण हाच उपचार होय, ही जाणीव बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांना आधीपासूनच होती. वैद्य व रुग्ण या दोघांसाठी मिळून लिहिलेली त्यांची मार्गदर्शिका १९१८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांनी ज्या रुग्णास प्रथम इन्शुलिन दिले ती एलिझाबेथ मज स्वतः परिचारिका होती, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. पुढे त्यांनी तयार केलेल्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन टोचणे, आहार व मूत्रपरीक्षा शिकवू लागल्या. तोवर वैद्याकडे राहिलेले ज्ञान अशा रीतीने प्रथम परिचारिकेकडे व तिच्याद्वारे घराघरांत गेले. बोस्टनहून परतलेल्या एर्नेस्तो रोमा यांनी १९२६ मध्ये लिस्बन येथे मधुमेह्यांसाठी संस्था स्थापिली. तिच्या मुळाशीही हाच विचार होता.

शिक्षणाची उपेक्षा झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमधील सिरिंजने पुरविले. तेथील प्रमाणित सिरिंजवर एका घनसेंटिमीटरास २० रेघा असत. इन्शुलिन मात्र २०, ४० व ८० एकक अशा तीन तीव्रतांचे मिळे. परिणामी एका रेघेचा अर्थ बाटलीनुसार एक, दोन किंवा चार एकके असा होई. ४० तीव्रतेच्या इन्शुलिनच्या २० रेघा घेणारा रुग्ण ४० एकके घेत असे. त्याने ८० तीव्रतेची बाटली उचलून तितक्याच रेघा ओढल्या तर मात्रा दुप्पट होई. रुग्ण 'रेघा' म्हणे आणि वैद्य 'एकके' लिही. या दोहोंचा मेळ घालण्याचे ओझे शिकविणाऱ्या परिचारिकेवर पडे. इन्शुलिनच्या शोधानंतर साठ वर्षांनी, १९८३ मध्ये, ब्रिटनने १०० एककांची एकच तीव्रता स्वीकारली. त्या वेळी वैद्य, परिचारिका, औषधविक्रेते व रुग्ण या सर्वांनाच नव्याने धडे घ्यावे लागले.

मापनसाधनांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात मूत्र उकळून रंग पाहण्याची जुनी पद्धत काही तासांपूर्वीच्या स्थितीची वार्ता देई. १९६० नंतरच्या दशकात आलेल्या डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टीने रक्तशर्करेचा तत्कालीन अंदाज मिळू लागला. परंतु त्यासाठी रक्ताचा पुरेसा थेंब, नेमके ६० सेकंद आणि नंतर पाण्याने धुणे हे सर्व काटेकोरपणे साधावे लागे. पट्टीचा रंग वाचणारे यंत्र १९७० च्या सुमारास आले, तेव्हा ते वैद्यांसाठी व रुग्णालयांसाठीच होते. अभियंता रिचर्ड बर्नस्टीन यांना ते मिळाले, ते पत्नी वैद्य असल्यामुळे. रुग्ण घरी विश्वसनीय मापन करू शकतो, हे लंडन व नॉटिंगहॅम येथील वैद्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी दाखवून दिले.

या विचारास निर्णायक पुरावा मिळाला तो १९९३ मध्ये. अमेरिका व कॅनडा येथील २९ केंद्रांत १४४१ रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षे चाललेल्या परीक्षणाने काटेकोर नियंत्रणामुळे नेत्र, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे विकार पुष्कळ टळतात, हे सिद्ध केले. पण त्या यशामागे केवळ पंप वा अधिक सुया नव्हत्या. परिचारिका व आहारतज्ज्ञ यांच्याशी दरमहा भेट आणि वारंवार संपर्क होता. शिवाय तीव्र शर्करान्यूनतेचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. साधन जितके प्रभावी तितके त्याचे शिक्षण अपरिहार्य, हाच त्याचा अर्थ. जिनिव्हा व ड्युसेलडॉर्फ येथे १९७० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या शिक्षणक्रमांचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते.

साधन स्वयंचलित झाले की शिक्षणाची गरज सरेल, असा एक युक्तिवाद केला जातो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. सतत रक्तशर्करा नोंदणारे साधन १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा त्याची नोंद वैद्यच मागाहून वाचीत. पुढे ती रुग्णासमोर क्षणोक्षणी येऊ लागली. २०१६ मध्ये अंशतः स्वयंचलित पंपास तेथे मान्यता मिळाली. या यंत्राने काही हिशेब हाती घेतले, पण नवा विवेक मागितला : नळी तुंबल्यास शीघ्रक्रिय इन्शुलिनचा पुरवठा थांबून काही तासांतच रक्तात आम्ल साचू शकते, हे ओळखावयाचे कोणी? सारांश, प्रत्येक साधन एक गणित काढून घेते आणि एक निर्णय सोपविते.

भारतात आजही ४० व १०० या दोन्ही तीव्रतांचे इन्शुलिन चालते, आणि त्यांच्या सिरिंजा वेगवेगळ्या आहेत. तेव्हा जुन्या ब्रिटिश सिरिंजवरील रेघांचा प्रश्न येथे इतिहासजमा झालेला नाही. बाटली व सिरिंज यांची जोडी जुळते की नाही, हे पाहावयास शिकविणारी व्यक्ती या उपचाराचा आजही अविभाज्य घटक होय.