रुपयातली चांदी आणि आपला काळा कातळ

मंडळी, खोडाळ्याकडं विहीर खणायला घेतली की काळा कातळ लागतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थिजून तो झाला. त्याच्या पोकळ्यांत कधी पांढरे, चमकदार खडे मिळतात. ते कातळात मुरलेल्या ऊन पाण्यानं घडवले. मग त्याच पाण्यानं सोनं-चांदी का नाही घडवली?

त्याचं असं आहे. त्यासाठी पाणी दोन-तीनशे अंशांपर्यंत तापावं लागतं आणि खालची धग पुष्कळ काळ टिकावी लागते. शिवाय पाण्यात गंधक नाही तर मीठ हवं. त्यांचा हात धरूनच हे धातू विरघळतात. असं पाणी भेगांतून वर चढलं की दाब उतरतो, पाणी उकळतं, गंधकाचा वायू निघून जातो. सोबत सुटलेलं सोनं मग गारेबरोबर भेगेतच बसतं. पाणी उकळता-निवताना चांदीही अशीच बसते. आपल्या कातळातलं पाणी त्या मानानं कोमट. त्यानं खडे केले, खाणी नाही.

दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या ज्वालामुखी डोंगरात मात्र सारं जुळून आलं. तिथली चांदी 1545 साली स्पॅनिश लोकांच्या हाती लागली. 1573 पासून त्यांनी गावोगावच्या आदिवासींना पाळीपाळीनं खाणीत जुंपलं. त्या रिवाजाला 'मिता' म्हणत. आपल्याकडच्या जुन्या माणसांना त्याचं मराठी नाव चांगलं ठाऊक होतं: वेठ. 1945 साली वारली बांधवांनी जी झुगारून दिली, तीच.

अमेरिकेची ही चांदी नाणी होऊन जहाजांनी सुरतेला येई आणि टांकसाळीत वितळून तिचे मोगली रुपये पडत. म्हणजे 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरतेहून जे धन आणलं, त्यातही त्या डोंगराचा अंश असणार. त्या स्वारीच्या वाटेवर महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते, असं आपल्याकडं सांगतात.

तेव्हा उद्या कोणी 'तुमच्या कातळात सोनं आहे' म्हणून खणायला पैसे मागितले, तर देऊ नका. पण गुरुजी, पोरानं चमकता खडा आणला तर फेकू नका. तो वर्गात ठेवा, ऊन पाण्याची गोष्ट सांगा; आणि रुपयामागच्या वेठीचीही.