शिडाची जुनी बोट: विकणाऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या शब्दावर किती विसंबायचं?

मे 2014. 'चीकी राफिकी' नावाची शिडाची बोट कॅरिबियनमधून इंग्लंडला परतत असताना अटलांटिक महासागरात उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. बोटीच्या तळाला बोल्टने बसवलेली कील, म्हणजे बोटीला सरळ उभं ठेवणारं वजन, सुटून पडली होती. ही बोट आधीही तळाला घासली होती. त्या धक्क्यांमुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे तिचा सांगाडा कमजोर झाला असावा, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने 2015 च्या अहवालात म्हटलं.

यात कुणी कुणाला फसवलं, असं म्हणायचं नाही. पण बोटीची दुखणी रंगाखाली आणि फळ्यांखाली लपलेली असतात, मालकाला ती दिसत नाहीत, हे यातून कळतं. विकणारा आणि मिस्त्री जे सांगतील त्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

विकणारा काय लपवू शकतो?

जुन्या बोटींचा मोठा बाजार असलेल्या ब्रिटनचं उदाहरण घेऊ. तिथे बोट बहुतेकदा ब्रोकरमार्फत विकली जाते. ब्रोकर कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस असतो, हे नवखे ग्राहक विसरतात.

तळाला ताजा रंग दिसला की आनंद होतो. खरं तर तिथे शंका यायला हवी. फायबरग्लासमध्ये पाणी मुरलं की फोड येतात आणि नवा रंग ते सहज झाकतो. इंजिनचंही तसंच. ग्राहक येण्याआधीच ते चालवून गरम केलेलं असेल, तर थंडीत ते सुरू व्हायला किती रडतं हे कळतच नाही. म्हणून जाणकार ग्राहक इंजिन थंड ठेवायला आधीच सांगतो आणि पोचल्यावर हात लावून बघतो.

सीकॉक, म्हणजे तळाच्या भोकांवरच्या तोट्या, कशाच्या आहेत हेही विचारायलाच हवं. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात झिजून जातं. तोटी वरून ठीक दिसते, रंग जरा गुलाबी होतो आणि एक दिवस ती बिस्किटासारखी तुटते. मग समुद्र थेट बोटीत येतो. ब्रॉन्झची तोटी महाग असते. पितळेची 'ब्रॉन्झची' म्हणून सांगितली, तर साध्या डोळ्यांना फरक कळणं कठीण.

यावर उपाय म्हणजे सर्व्हेअर. तो ग्राहकाने स्वतः शोधावा, ब्रोकरने सुचवलेला घेऊ नये. ब्रिटनमध्ये साधारणपणे 10 टक्के अनामत देऊन 'सर्व्हे समाधानकारक असेल तरच व्यवहार' असा करार होतो. पण सर्व्हेअर सहसा डोलकाठीवर चढत नाही आणि इंजिन उघडत नाही. त्यासाठी वेगळी माणसं लागतात.

कागदपत्रांची गंमत वेगळीच. ब्रिटनच्या मुख्य जहाज नोंदणीत बोटीचे 64 हिस्से मानले जातात आणि गहाणही नोंदवता येतं. छोट्या बोटींच्या स्वस्त नोंदणीत मात्र मालकी सिद्ध होत नाही. तेवढाच कागद दाखवला, तर आधीची विक्रीपत्रं मागितलेली बरी.

मिस्त्री येतच नाही, तेव्हा?

'सोमवारी येतो' म्हणणारा मिस्त्री तीन सोमवार येत नाही, ही जगभरातल्या बोटमालकांची तक्रार. तो दरवेळी लबाड असतोच असं नाही. सगळ्यांना बोट वसंतातच पाण्यात हवी असते, क्रेन एकच, कुशल हात मोजके. नारळी पौर्णिमेच्या आधी कोकणातल्या बंदरात होडीचा सुतार मिळवून बघा, म्हणजे कळेल. त्यामुळे काम शरद ऋतूतच, म्हणजे बोट बाहेर काढतानाच ठरवलं तर निम्मा त्रास टळतो.

दुसरी चूक पैशांची. सगळी रक्कम आगाऊ दिली की मालकाच्या हातात काही उरत नाही. मग अडला हरी गाढवाचे पाय धरी. सामानापुरते पैसे आधी, काही कामाच्या टप्प्यावर आणि बाकीचे बोट पाण्यात उतरून गळती नाही हे दिसल्यावर, असं लिहून ठरवावं. काय काढायचं, काय बसवायचं, कोणत्या धातूचं, वाढीव काम निघालं तर आधी विचारायचं, हे सगळं त्यात यावं. काढलेले जुने भाग परत मागावेत. न केलेल्या कामाचं बिल लावणाऱ्याला हे अजिबात आवडत नाही.

कायदा कुणाच्या बाजूने?

ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं. नाही झालं तर ते पुन्हा करून मागता येतं, ते जमत नसेल तर पैसे कमी करून घेता येतात. व्यावसायिक विक्रेत्याकडून सदोष बोट घेतली, तर 30 दिवसांत नाकारता येते. खासगी माणसाकडून घेतली तर हे संरक्षण जवळपास नाही. वर्णनाशी वस्तू जुळली पाहिजे, एवढंच. म्हणून विकणाऱ्याची उत्तरं ईमेलवर घ्यावीत. शंभर पौंडांहून महाग आणि तीस हजारांपर्यंतच्या वस्तूची थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने भरली, तरी विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते.

मात्र रागाच्या भरात बिल थांबवताना जपून. यार्डाला पैसे मिळेपर्यंत बोट अडवून ठेवता येते. अमेरिकेत तर दुरुस्तीच्या थकबाकीचा बोजा बोटीवरच चढतो आणि मालक बदलला तरी तिच्यासोबत जातो, म्हणजे आधीच्या मालकाचं देणं नव्याच्या गळ्यात. भारतातही 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्यानुसार दुरुस्तीच्या पैशांसाठी उच्च न्यायालयात जाऊन बोट जप्त करायला सांगता येतं, आणि त्या कायद्यातल्या व्याख्येत शिडाची बोटही येते. त्यामुळे वाद असेल तर मान्य रक्कम भरावी आणि नेमक्या कोणत्या कामावर आक्षेप आहे ते फोटोंसह लेखी कळवावं.