मराठी मुलुखांतील ‘इस्राएल’ : एका शब्दाचे दोन अर्थ

मुंबई व कुलाबा या भागांत जुन्या छापील ग्रंथांचा शोध करणाऱ्या संग्राहकांच्या हातीं कधीं कधीं हिब्रू अक्षरांसोबत बाळबोध मराठी मजकूर असलेलीं पुस्तकें येतात. अशीं सर्व पुस्तकें ‘मिशनरी वाङ्मय’ या एकाच सदरांत बांधून ठेवण्याचा मोह होतो. परंतु तसें केल्यास दोन निरनिराळ्या हेतूंचे कागद एकत्र होऊन इतिहासाचा विपर्यास होतो, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

ख्रिस्ती मंडळीचा इस्राएलाशीं संबंध काय, हा प्रश्न त्या धर्माइतकाच जुना आहे. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायांत जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत योजिला आहे. मूळ झाड इस्राएलाचें. अन्य जातींतील श्रद्धावंत हे त्यावर कलम केलेल्या रानजैतुनाच्या डहाळ्या. आणि तुटलेल्या डहाळ्या पुनः त्याच झाडास लावणें देवास अशक्य नाहीं. पुढें दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन याने ख्रिस्ती लोक हेच खरें, आध्यात्मिक इस्राएल होत, असें प्रतिपादन केलें. ऑगस्टिनच्या मतें यहूदी लोक जगभर विखुरले तरी टिकून राहिले, ते आपल्या शास्त्राच्या प्राचीनतेचे साक्षीदार म्हणून. एका विचारांत मंडळी इस्राएलाची जागा घेते. दुसऱ्यांत ती त्याच्या मुळावर पोसली जाते. स्कॉटलंडांतील धर्मपंडितांत या दुसऱ्या विचाराचें वजन मोठें होतें. इ. स. १८३९ मध्यें तेथील मंडळीनें यहूद्यांची स्थिति पाहण्यासाठीं पॅलेस्टाइनकडे शिष्टमंडळ पाठविलें, तें याच आशेनें.

त्याच परंपरेंतील डॉ. जॉन विल्सन इ. स. १८२९ मध्यें मुंबईस आले. कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांस शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्यासाठीं त्यांनीं इ. स. १८३२ मध्यें हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींत प्रसिद्ध केलीं. इ. स. १८४३ मध्यें स्कॉटलंडची मंडळी दुभंगली, तेव्हां विल्सन फ्री चर्चकडे गेले. त्याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप इ. स. १८४५ मध्यें आमच्या नागपुरास आले. त्यांनीं गोंडांचीं गीतें व शब्द जमविले. तीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १८६६ मध्यें प्रसिद्ध झालीं. दोघांची तुलना उद्बोधक आहे. गोंडांस ख्रिस्ती शास्त्र नवीनच सांगावयाचें होतें. बेने इस्राएलांस मात्र ‘तुमचें शास्त्र सोडा’ असें म्हणण्याचें कारण नव्हतें. ‘तुमचेंच शास्त्र मूळ भाषेंत वाचा, म्हणजे तें आमच्याकडे आणील’, असा विल्सन यांच्या प्रयत्नामागील भाव होता. व्याकरणाचें पुस्तक हें या दृष्टीनें धर्मशास्त्राचेंच फळ होय.

फळ मात्र भलत्याच अंगणांत पडलें. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणें एकेकाळीं हिब्रू भाषेपैकीं ‘शेमा’ ही एक प्रार्थनाच त्यांच्या स्मरणांत उरली होती. मुंबईस त्यांचें प्रार्थनामंदिर इ. स. १७९६ पासून होतेंच. इ. स. १८४६ मध्यें मुंबईस व इ. स. १८७४ मध्यें पुण्यास वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनीं प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें केलीं. इ. स. १८७५ मध्यें हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या प्रयत्नानें मुंबईंत इस्राएली शाळा निघाली, त्यांनीं इ. स. १८९७ मध्यें लिहिलेला समाजाचा इतिहास इ. स. १९३७ मध्यें छापला गेला. मिशनच्या शाळांचा लाभ अनेकांनीं घेतला. धर्मांतर करणारे अत्यल्प निघाले. ज्यांस मिशनरी तुटलेली डहाळी समजत, ते स्वतःस कधींच तुटलेले मानीत नव्हते. भाषा येतांच त्यांनीं आपलेंच मूळ घट्ट केलें.

मिशनचा उद्योग फसला काय? धर्मांतरांचा हिशेब केल्यास, होय. परंतु पौलाचा दृष्टांत खरा मानणाऱ्यास मुळाचें पोषण हें नुकसान म्हणतां येणार नाहीं. रोमन मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इ. स. १९६५ मध्यें याच जैतुनाचा आधार घेऊन यहूदी लोक देवानें टाकलेले वा शापित आहेत असें दाखवूं नये, असें जाहीर केलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, हिब्रू-मराठी पुस्तक हातीं येतांच मुखपृष्ठावरील ‘इस्राएल’ या शब्दावर विसंबूं नये. पुस्तक उपासनेचें कीं उपदेशाचें, कालगणना सृष्ट्यब्दाची कीं इसवी सनाची, मसीहा आलेला मानिला आहे कीं यावयाचा, हें पाहावें. एकच खूण पुरेशी समजूं नये. इ. स. १९४८ नंतर हजारों बेने इस्राएल कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. मागें राहिलेल्या कागदांवर चुकीची चिठ्ठी चिकटली, तर ती दुरुस्त करावयास घरचा माणूस जवळ असेलच असें नाहीं.

वाडी, नागपूर.