रूळ आणि रस्ता

पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली. वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे तिचे पहिले दोन टप्पे. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोचला. ही गाडी कुठे खांबांवरून जाते, कुठे पेठांच्या खालून. इतर वाहनांच्या रस्त्यावरून मात्र ती जात नाही. असे का? रस्त्यातच रूळ टाकणे कितीतरी स्वस्त पडले असते. मुंबईत हा प्रयोग जवळजवळ ९० वर्षे चालला. त्याचा इतिहास पाहिला, की उत्तर सापडते.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीकडे २० गाड्या आणि २०० घोडे होते. एका गाडीला एक किंवा दोनच घोडे जुंपत. मग इतके घोडे कशाला? घोडा थकतो, त्याला पाळीपाळीने विश्रांती द्यावी लागते. तरीही माणसांनी भरलेली गाडी दोन घोडे ओढू शकत, ती रुळांमुळे. मऊ किंवा खडबडीत रस्त्यावर चाक रुतते, अडखळते. रबरी टायर वजनाने चपटा होतो आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे दबत नाही, म्हणून ते थोड्या जोराने फिरत राहते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोड्यांची मर्यादाही संपली.

परंतु ज्या गुणामुळे ट्राम सहज धावते, त्यातच तिची अडचण आहे. पोलादावर पोलादाची पकड कमी, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागते. शिवाय रूळ सोडून बाजूला होता येत नाही. वाटेत एक हातगाडी उभी राहिली, तरी मागच्या साऱ्या ट्रामगाड्या खोळंबतात. मोटारी वाढल्या, तशी ही अडचण वाढत गेली. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली.

पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये दुसरा उपाय करून पाहिला. स्वारगेटहून कात्रज आणि हडपसरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका आखली. पण रेषेने किंवा कठड्याने वेगळी केलेली वाट राखणे सोपे नसते. इतर वाहने तिच्यात शिरतातच. मेट्रोने ती वाट उचलून वर नेली किंवा जमिनीखाली घातली.

याची किंमत पैशांतच मोजून चालणार नाही. जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. सरकते जिने आणि लिफ्ट असली, तरी तेवढे उतरण्या-चढण्याचा वेळ प्रवाशाचाच जातो. म्हातारी माणसे, ओझेवाले यांना तो अधिक जाणवतो. ट्राममध्ये माणूस रस्त्यावरूनच चढत असे.

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहराने १९६० मध्ये ट्राम बंद केली आणि १९९४ मध्ये नव्याने सुरू केली. तिच्यासाठी त्यांनी मोटारींकडून रस्त्याचा काही भाग काढून घेतला. म्हणजे प्रश्न तंत्राचा आहे, तसाच रस्ता कोणाला द्यायचा हाही आहे.

वर्गात हा प्रश्न मोजून पाहता येईल. मुलांनी जवळच्या चौकात, पदपथावर सुरक्षित उभे राहून, दहा मिनिटांत गेलेल्या मोटारी, दुचाकी, बस आणि त्यांतली माणसे मोजावीत. मग प्रत्येक वाहनाने रस्त्याची किती जागा व्यापली, याचा अंदाज करावा. दर माणशी जागेचे आकडे फळ्यावर मांडले, की चर्चेला आपोआप सुरुवात होईल.