त्याला भूल सोसली नाही

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन नगरला झाले. (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ वळत नाही!) आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारले, "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" पुतण्या पटकन "नाही" म्हणाला. मला गप्प बसवेना. १९६४ साली आमचे धाकटे काका अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत. "त्याला भूल सोसली नाही" एवढेच घरात बोलले जाई. अंग तव्यासारखे तापले होते, असे आजी सांगायची.

बाईंनी पेन उचलले आणि खोदून खोदून विचारू लागल्या. तेव्हा 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' हे नाव प्रथम ऐकले. मग काय, घरी येऊन वाचत बसले.

१९६० साली मेलबर्नच्या हॉस्पिटलात २१ वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून आला. त्याला पायापेक्षा भुलीची धास्ती जास्त, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीत दगावले होते. म्हणून ईथर टाळून तेव्हा नवे असलेले हॅलोथेन दिले. दहाएक मिनिटांत रक्तदाब उतरला, नाडी धावू लागली, अंग तापले. भूल थांबवून त्याला बर्फात ठेवले आणि पोरगा वाचला. डॉ. मायकेल डेनबरो यांनी त्याच्या घराण्याची वंशावळ काढली आणि डॉ. लोव्हेल यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये पत्र छापले. हा दोष आईबापांकडून मुलांत उतरतो, हे त्यातून पुढे आले.

कागद नाही तर इतिहास नाही, असे आम्हाला बी.ए.ला शिकवले आणि मीही तेच पुढे वर्गात शिकवले. इथे तर नुसत्या ऐकीव गोष्टीवरून एक आजार सापडला!

होते असे, की भुलीचे काही वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे औषध मिळताच अशा माणसाच्या स्नायूंत कॅल्शियम बेसुमार सुटते आणि स्नायू आखडून आतल्या आत जळत राहतात. ताप पुष्कळदा मागाहून चढतो. आधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, नाडी पळते, जबडा घट्ट होतो. कधी तर ऑपरेशन आटोपल्यावरही सुरू होते. तेव्हा वायू बंद, भरपूर ऑक्सिजन, अंग गार करणे आणि डँट्रोलीन. हे औषध १९७५ साली केपटाऊनच्या हॅरिसन यांनी डुकरांवर वापरून दाखवले. पूर्वी शंभरातले सत्तर-ऐंशी जात, आता दहाही जात नाहीत. पण वेळेवर हाताशी हवे. वीस मिलिग्रॅमची एकेक कुपी साठ मिली पाण्यात विरघळवायची आणि सत्तर किलोच्या माणसाला पहिल्याच डोसाला नऊ कुप्या! आपल्याकडे तर ते कित्येक वर्षे सहजी मिळतच नसे.

काकांना हेच झाले असे मी म्हणत नाही. त्या काळी भुलीत माणूस जायला कारणे कमी नव्हती. बाईंनी मात्र धोका न पत्करता पाठीतून इंजेक्शन देऊन पोराचे कमरेखालचे अंग बधिर केले. मेलबर्नच्या त्या मुलालाही पुढे मुतखड्याच्या वेळी अशीच भूल दिली होती. आमचे पोर तिसऱ्या दिवशी घरी आले.

घरच्या मंडळींनो, धाकट्या काकांबद्दल कुणाच्या कानावर काही आले असेल, किंवा घराण्यात आणखी कुणी असे गेले असेल, तर मला फोन करा. मी वहीत वंशावळ मांडायला घेतली आहे. आजोळकडची बाजू अजून कोरीच आहे.