जुन्या पाइपाची साक्ष

लिलावांत जुना पाइप घेणारा लांकूड विकत घेतो कीं इतिहास? अल्फ्रेड डनहिल यांनीं १९०७ सालीं लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचें दुकान थाटलें आणि १९१० पासून पाइपही घडविले. मुखनळीवरील पांढरा ठिपका ही त्यांची पुढें जगप्रसिद्ध झालेली खूण. परंतु, श्रोतेहो, मुखनळी बदलतां येते; मग ठिपका दिसतो, पण साक्ष खोटी ठरते. खरी साक्ष ब्रायरच्या लांकडावरील ठशांत असते. तेथील बारीक अंकावरून घडणीचें वर्ष बहुधा ताडतां येतें. झिलईच्या हव्यासापायीं एखादा विक्रेता तो ठसाच घांसून टाकतो. पाइप चकाकतो, मात्र त्याची जन्मपत्रिका कायमची नाहींशी होते. म्हणून जाणतें गिऱ्हाईक चकाकी पाहून बोली लावीत नाहीं. तें आधीं भिंग मागतें.