खुळा वेगळा, वेडा वेगळा

आपल्या बीडकडच्या बोलीत 'येडं' हा शब्द मोठा सैल आहे. लेकराला लाडाने म्हणतात, नवऱ्याला रागाने म्हणतात, आणि त्याच शब्दाने गावातल्या दोघांची कायमची ओळखही ठरून जाते. एक असतो तो लहानपणापासून मागे राहिलेला. उशिरा चालला, उशिरा बोलला, विशीत आला तरी दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येत नाहीत. दुसरा बारावी शिकलेला, शेतीचा हिशेब चोख ठेवणारा. पंचविशीत त्याची झोप उडाली, कानात कोणीतरी बोलतंय असं वाटू लागलं, आणि एक दिवस भावाने जेवणात विष कालवलं म्हणून त्याने ताट भिरकावलं. गावाच्या लेखी दोघेही येडेच. पण पहिल्याची बुद्धी पुरती वाढलेलीच नाही; दुसऱ्याची बुद्धी वाढलेली आहे, मन आजारी पडलं आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस हा फरक फार नेमका टिपला होता. त्याचं म्हणणं असं, की वेडा माणूस चुकीच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, पण पुढचा विचार बरोबर करतो. मंदबुद्धीला मुळात विचारांची जुळणीच जमत नाही. आपल्या ताट भिरकावणाऱ्या तरुणाकडे बघा. जेवणात खरंच विष असतं, तर शहाण्यानेही तेच केलं असतं!

आपल्याकडे हे कोणाला कळलं नव्हतं असं मात्र नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा न मिळणाऱ्यांची यादी आहे. तीत 'उन्मत्त' आणि 'जड' हे दोन शब्द वेगवेगळे येतात. या स्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणीला लिहिली. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपल्याला काही परकं नाही. विज्ञानेश्वर सांगतो, की उन्मत्त तो, ज्याला वातपित्तादी दोषांनी किंवा ग्रहबाधेने उन्माद झाला आहे. जड तो, ज्याचं अंतःकरणच उणं आहे, ज्याला हित-अहित ओळखता येत नाही. दोघांनाही वाटा नाही, पण दोघांना आयुष्यभर पोसण्याची जबाबदारी घरच्यांवर आहे. आणि पुढे आणखी एक बारकावा: वाटणी झाल्यानंतर औषधोपचाराने दोष गेला, तर त्या माणसाला त्याचा वाटा द्यावा. म्हणजे काही दोष बरे होतात, हे वाटणीच्या नियमातही धरलेलं होतं.

हा नियम न्याय्य होता असं मी म्हणत नाही. भावाचा वाटा दाबायला दोन्ही शब्द सारखेच उपयोगी पडत असणार. शारीरिक वा मानसिक दोषामुळे वारसाहक्क नाकारण्याची ही पद्धत १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने पूर्ण मोडीत काढली. पण शब्द तरी दोन होते.

ते एका पोत्यात भरले इंग्रजांनी. १९१२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात 'लुनसी अ‍ॅक्ट' आला. त्याच्या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी आणि मन बिघडलेला, दोघेही 'ल्युनॅटिक'! बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय आपल्या शेजारी जालन्याला होतं. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५३ साली, ते हैदराबादच्या एर्रागड्ड्याला हलवलं गेलं. १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा राज्याच्या वाट्याला पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालयं आली. मराठवाड्यात एकही नाही. होतं ते गेलं, याचं कोणाला फारसं दुःख झाल्याचं ऐकिवात नाही.

मधल्या काळात बुद्धी मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली.

कायद्याला मात्र जाग यायला वेळ लागला. १९१२चा कायदा जाऊन १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला, तोही प्रत्यक्ष लागू झाला १९९३ साली. त्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळलं. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात दोन्हींची स्वतंत्र नोंद झाली. २०१६ आणि २०१७च्या नव्या कायद्यांनी तो फरक कायम ठेवला.

या शब्दांच्या भानगडीने कोणाचं काय अडतं, असं वाटेल. २००९ सालचा चंदीगडचा खटला बघा. सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या एका अनाथ मुलीवर बलात्कार झाला आणि ती गरोदर राहिली. तिला सौम्य मतिमंदत्व होतं. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने दिली. मुलीला मात्र मूल हवं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गर्भपाताच्या कायद्यात पालकाची संमती पुरते ती अल्पवयीन मुलीच्या किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत, आणि २००२च्या दुरुस्तीने त्या 'मनोरुग्ण' शब्दातून मतिमंदत्व वगळलेलं आहे. मतिमंद असणं म्हणजे मनोरुग्ण असणं नव्हे, असं सांगून न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात होणार नाही, असा निर्णय दिला.

आता हेही खरं, की मतिमंद माणसालाही मनाचा आजार होऊ शकतो. तेव्हा दोन्हींकडे बघावं लागतं. एकाला लहान वयातच शिकवण हवी, अंघोळीपासून बाजारहाटापर्यंत एकेक गोष्ट पुन्हापुन्हा करून घेणारी. झोपेच्या गोळ्यांनी त्याची बुद्धी वाढत नाही. दुसऱ्याला वेळेवर औषध हवं, आणि पुष्कळांना ते लागू पडतं. त्याला देवऋषीकडे वर्षभर फिरवलं तर ते वर्ष फुकट जातं. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला मात्र दोघांच्याही घरी सारखाच पोचतो.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही मोजमाप वेगळं आहे. एकाची बुद्ध्यंक चाचणी होते आणि रोजचे व्यवहार किती जमतात ते तपासलं जातं. दुसऱ्याचं बोलणं-चालणं, कामधंदा, आजार किती वर्षांचा, हे बघून टक्केवारी ठरते. आईवडील मुलाला घेऊन येतात, काय त्रास आहे विचारलं तर 'येडं हाय' एवढंच सांगतात. मग डॉक्टर विचारतात, 'कधीपासून?' जन्मापासून म्हटलं तर तपासणी एका दिशेने जाते. दोन वर्षांपासून म्हटलं तर दुसऱ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)